गाभ्यातून आलेली लाट

वेधशाळेत सगळे तिला ताईच म्हणायचे. तिच्यापेक्षा वयाने कितीतरी मोठे असलेले, यंत्रांचे कागद बदलणारे काकासुद्धा. हे नाव इथे आणलं होतं तिच्या धाकट्या भावाने. ती नोकरीला लागली तेव्हा तो संध्याकाळी तिला न्यायला यायचा आणि आत येऊन विचारायचं सोडून फाटकातूनच "ए ताई!" अशी बोंब ठोकायचा. पुढे तो परदेशी एका बंदरावर क्रेन चालवायला गेला, पण नाव मागे चिकटलं ते चिकटलंच. त्याचंही खरं नाव कुणी घ्यायचं नाही. लहानपणी तो असा काही गुटगुटीत होता, की ढब्या हे नाव तिशी उलटली तरी सुटलं नव्हतं. तो गेला तो थेट पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला. पायाखाली भोक पाडत गेलं तर आपण जवळपास ढब्याच्या खोलीतच निघू, असं ती आईला समजावायची. आई म्हणायची, "मग पाड की भोक, विमानाचं भाडं तरी वाचेल."

त्या सकाळी ती येऊन खुर्चीला पर्स अडकवत होती, तेवढ्यात काकांनी हाक मारली.

"ताई, तीन नंबर बघा! काय नाचतंय!"

तीन नंबरचं यंत्र तळघरात दगडी चौथऱ्यावर बसवलेलं होतं. त्याची लेखणी वरच्या खोलीत, फिरत्या रुळावरच्या कागदावर रेघ काढत राहायची. एरवी ती रेघ म्हणजे झोपलेल्या माणसाचा श्वास. आता मात्र लेखणी कागदाच्या या काठापासून त्या काठापर्यंत आपटत होती. ताई जवळ गेली. आधी एक बारीकशी थरथर, आणि ती संपते न संपते तोच तिच्या पाठीवर हा एवढा डोंगर. असा आकार ती ओळखत होती. सहा वर्षं ती त्याच आकारांच्या मागे लागली होती.

"लांबचा आहे," ती म्हणाली. "पृथ्वीच्या पोटातून आलाय."

कोपऱ्यातला टेलिप्रिंटर खडखडू लागला. जगभरच्या केंद्रांनी आपापल्या वेळा कळवायला सुरुवात केली होती. ताईने त्या वेळा नकाशावर मांडल्या, कंपासने वर्तुळं काढली. तिसरं वर्तुळ काढताना तिचा हात थांबला. तिन्ही वर्तुळं समुद्रकाठी एका ठिकाणी एकमेकांना छेदत होती, आणि तिथलं बंदर तिला नकाशा न बघताही सांगता आलं असतं. तिच्या पर्समध्ये त्या बंदराच्या चित्राचं पोस्टकार्ड होतं.

काकांनी तिच्याकडे बघितलं. त्यांना माहीत होतं. "ढब्या?" त्यांनी विचारलं.

"कुणाला बोलू नका," ती म्हणाली. "आत्ता नको."

ती असं का म्हणाली, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. बोललं तर आपल्याला या खुर्चीवरून उठवतील एवढंच त्या क्षणी डोक्यात आलं, आणि उठून नुसतं बसून राहणं तिला जमणारं नव्हतं.

संचालक आले ते कोट घालत घालतच. उंच, किडकिडीत माणूस. काळजी वाटली की बोटं मोडायची सवय. त्यांनी डोंगराची उंची मोजली, तक्ता काढला, पेन्सिलीने आकडेमोड केली आणि बोटं मोडली.

"आठ पॉइंट तीन," ते म्हणाले. "शहर राहिलं नसेल."

ताईला पर्समधलं पोस्टकार्ड आठवलं. तरी ती म्हणाली, "सर, तो डोंगर धरून चालणार नाही."

"का?"

त्यांना कारण ठाऊक नव्हतं असं नाही. पण ठाऊक असणं वेगळं आणि आणीबाणीच्या वेळी आठवणं वेगळं. पृथ्वीच्या पोटात, जवळजवळ अर्ध्या खोलीवर, वितळलेल्या लोखंडाचा समुद्र आहे आणि त्याच्या मधोमध घट्ट लोखंडाचा गोळा. भूकंपाची लाट त्या समुद्रात शिरली की वाकते. त्यामुळे पलीकडच्या बाजूला एका रुंद पट्ट्यात तिची सावली पडते, तिथे जवळजवळ काहीच पोचत नाही. आणि सावली संपते तिथेच एक अरुंद कडं असं असतं, की वाकलेल्या सगळ्या लाटा तिथे एकवटतात. उन्हात भिंग धरलं की एका ठिपक्यात ऊन गोळा होतं आणि कागद पेटतो, तसं. ऊन वाढलेलं नसतं, फक्त एका जागी आलेलं असतं.

"त्या बंदराच्या हिशेबाने आपण नेमके त्या कड्यात बसलोय," ताई म्हणाली. "इथला डोंगर फुगलेला आहे. तक्त्यात त्याची वजावट आहे, पण ती सरासरीची. नेमक्या कड्यात ती पुरत नाही."

"मग किती वजा करायचं?"

"त्याच्या आधीची ती बारीक थरथर घेऊ या. ती लाट सरळ आतल्या गोळ्यातून आलीय. तिला कुणी फुगवलेलं नाही."

"तिला कुणी फुगवलेलं नाही, पण खाल्लेलं आहे," संचालक म्हणाले. "आतला गोळा लाटेची ताकद खातो. किती खातो? तुमचाच आकडा ना? तो अजून कुणी मान्य केलेला नाही. गोळा तुम्ही म्हणता त्याच्या दुप्पट खात असेल, तर ही बारीक थरथरसुद्धा आठाच्याच भूकंपाची निघेल."

ते खरंच होतं. सहा वर्षांच्या खटाटोपातून तिने एक आकडा काढला होता, आणि तो बरोबर आहे असं तिला काल रात्री झोपताना पक्कं वाटत होतं. आज सकाळी तिला तो बरोबर *हवा* होता. यात जमीन-अस्मानाचा फरक होता आणि तो तिचा तिलाच टोचत होता. ती टेबलाशी बसली आणि पहिल्यापासून मोजू लागली. सात पॉइंट एक आले. पुन्हा मोजलं, सात पॉइंट एक. गोळा जास्त खातो असं धरून मोजलं. सात पॉइंट पाच आले. तो कागद चुरगळून टाकावा असं तिला वाटलं. पण तिने तो सरळ करून बाकीच्या कागदांवर ठेवला.

फोन वाजला. संचालकांनी उचलला आणि कान देऊन ऐकत राहिले.

"मदतीचं पथक आहे," रिसीव्हरवर हात ठेवून ते म्हणाले. "त्या बंदराच्या शेजारच्या देशात. विमान तयार आहे. वीस डॉक्टर आणि औषधं. त्यांना आकडा हवाय. जवळच्या केंद्रांच्या लेखण्या पहिल्या धक्क्यातच मोडल्यात, मधल्या केंद्रांवर सावली, ते म्हणतात साडेसहा. मोठी नोंद काय ती आपलीच."

"आठ सांगितलं तर?" ताईने विचारलं.

"तर विमान सोडणार नाहीत. धावपट्टी समुद्राच्या काठाला आहे. आठाचा असेल तर धावपट्टी फुटली असेल, समुद्रही वर येईल. मग जहाज पाठवतील. दोन दिवस."

"आणि सात सांगितलं तर?"

"तर विमान आत्ता निघेल. तिथे दिवस कलायला लागलाय, धावपट्टीवर दिवे नाहीत, अंधाराच्या आत उतरायला हवं." त्यांनी बोटं मोडली. "आणि तुम्ही चुकला असाल, तर वीस डॉक्टर समुद्राच्या तोंडात."

मंद लाटांची वाट बघावी, असं ताईच्या ओठांवर आलं होतं. भूकंपाच्या काही लाटा पृथ्वीच्या पोटात शिरत नाहीत, जमिनीच्या पाठीवरूनच येतात. त्यांना भिंग नाही की गोळा नाही, त्या खोटं बोलत नाहीत. पण त्या रमतगमत येतात. त्या इथे पोचायला अजून बराच अवकाश होता, आणि तोवर थांबून निघालेलं विमान तिकडे अंधारातच पोचलं असतं.

"मला एक फोन करू द्या," ती म्हणाली.

कड्याच्या पार पलीकडे, आणखी लांब, एक केंद्र होतं. तिथे तिची वर्गमैत्रीण होती. तिथपर्यंत भिंगाचा जोर ओसरतो. लाईन लागली ती भांडी आपटल्यासारखी खरखर घेऊन.

"तुझ्याकडे केवढी उडी?" ताई ओरडली.

"तुझ्याकडे केवढी?"

ताईने सांगितली.

"बापरे! नाही गं, माझ्याकडे त्याचा चौथा हिस्साही नाही. मला तर वाटलं..." आणि लाईन तुटली.

"ते केंद्र नेहमीच कमी दाखवतं," संचालक म्हणाले. आवाजात खोच नव्हती, माणूस खरंच घाबरलेला होता. "ताई, माझं ऐका. मोठा सांगून खोटे ठरलो तर लोक देवाचे आभार मानतात. छोटा सांगून खोटे ठरलो तर आपल्याला फाडून खातात."

"आणि मोठा सांगून खोटे ठरलो, आणि त्या दोन दिवसांत ढिगाऱ्याखाली माणसं मेली तर?"

संचालक पुन्हा तक्त्याकडे वळले.

तेवढ्यात दुसरा फोन वाजला. काकांनी उचलला, आणि त्यांचा चेहराच बोलला. त्यांनी रिसीव्हर ताईकडे नुसता पुढे केला.

"रेडिओवर काहीतरी सांगतायत," आईचा आवाज. "तिकडचंच आहे ना गं?"

"हो आई."

"किती मोठा?"

"अजून मोजतोय."

"तू मोजतेयस ना?" आईने विचारलं. "मग ठीक आहे." आणि तिने फोन ठेवून दिला. लेकीच्या मोजण्यावर एवढा भरवसा, की जणू ताईने छोटा मोजला म्हणजे भूकंप छोटा होणार होता.

ताई रिसीव्हर हातात धरून उभीच राहिली. मग तो जागेवर ठेवून ती संचालकांकडे वळली.

"सर, माझा भाऊ त्या बंदरावर आहे."

काका खिडकीबाहेर बघू लागले. संचालकांच्या हाताची बोटं निम्म्यातच थांबली.

"केव्हापासून माहीत आहे तुम्हाला?"

"वर्तुळं काढली तेव्हापासून."

"आणि तरी इतका वेळ तुम्ही या टेबलावर बसून..." त्यांनी वाक्य गिळलं. "ताई, मला तुम्हाला आत्ता घरी पाठवायला हवं."

"पाठवा. पण आकडा मोजून झालाय. मी नसते तरी सातच आला असता."

"हे तुम्हाला कसं कळणार? मला कसं कळणार?"

"नाही कळणार," ताई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्याचाच तिला राग येत होता. "म्हणून तर सांगितलं. हे तीन कागद. त्यातला एक माझ्या विरोधात आहे, तोही वर ठेवलाय. तुम्ही बघा."

संचालकांनी कागद घेतले आणि उभ्या उभ्या वाचले. तिच्या विरोधातल्या कागदावर ते जास्त वेळ रेंगाळले. फोनवर पलीकडचा माणूस अजून ताटकळत होता, त्याचा बारीक आवाज रिसीव्हरमधून "हॅलो, हॅलो" करत होता.

शेवटी त्यांनी रिसीव्हर उचलला. "ऐका. आमच्याकडे दोन आकडे आहेत. माझा आठ पॉइंट तीन, तक्त्याप्रमाणे. आमच्या बाईंचा सात पॉइंट एक, फार तर साडेसात. या प्रकारच्या लाटांचं काम त्यांनी माझ्याहून जास्त केलंय. त्यांचा भाऊ तुमच्या त्या शहरात आहे, हेही तुम्हाला माहीत असावं. बोला त्यांच्याशी." आणि त्यांनी रिसीव्हर ताईच्या हातात दिला.

"मॅडम," पलीकडचा माणूस म्हणाला, थकल्यासारखा, "तुमच्या जागी मी असतो तर मला विमान जायला हवं असतं."

"मलाही हवंय," ताई म्हणाली. "म्हणून तीनदा तपासलं."

"विमानात माझी बायको आहे. डॉक्टर आहे ती." तो थोडा थांबला. "खरं सांगा. सात?"

आतापर्यंत ते डॉक्टर म्हणजे नुसते वीस होते. आता त्यातल्या एकीला नवरा होता आणि तो ताईच्या कानात श्वास घेत होता.

"सात," ती म्हणाली. "साडेसाताच्या वर नाही."

"मी वैमानिकाला दोन्ही आकडे सांगतो. उडायचं की नाही ते त्याने ठरवावं."

फोन बंद झाला. मग काही काळ काहीच घडलं नाही, आणि तेच सगळ्यांत वाईट होतं. काकांनी चहा आणला, तो कुणी घेतला नाही. टेलिप्रिंटरवर पुन्हा अक्षरं उमटली तेव्हा तिघंही उठले. विमान उडालं होतं. अर्ध्या वाटेपर्यंत त्याला परत फिरता येईल, तुमच्याकडे नवं काही कळलं तर ताबडतोब कळवा, असा निरोप होता.

आता फक्त मंद लाटा यायच्या होत्या.

त्या लाटांसाठी दुसरं यंत्र होतं, जडशीळ, ढिम्म, लहानसहान थरथरीला दाद न देणारं. तिघंही त्याच्या लेखणीसमोर उभे राहिले. भूकंप खरंच आठाच्या वर असेल तर ही लेखणी दोन्ही बाजूंच्या अडसरांना जाऊन आदळेल, हे तिघांनाही माहीत होतं. सरळ रेघ चालली होती. मग रेघेला अगदी हळू बाक आला, झोपेत कूस बदलावी तसा.

"आल्या," काका पुटपुटले.

लेखणी उजवीकडे झुकली, परत आली, डावीकडे झुकली. पुढचा झोका थोडा मोठा. त्याच्या पुढचा आणखी मोठा. घाई नाही, आवाज नाही. पायाखालची जमीन, ती वेधशाळा, ते तिघं, सगळंच त्या लाटेवर वरखाली होत होतं आणि कुणाला काही जाणवत नव्हतं. झोका वाढतच होता. ताई मनातल्या मनात म्हणत होती, बस, आता बस. पुढचा झोका अडसराच्या दिशेने गेला, अगदी जवळ, आणखी जवळ. संचालकांनी टेबलाची कड धरली. ताईला वाटलं, संपलं. आपण चुकलो. त्या बाईला आपण मारलं. आणि ढब्याला... ढब्या तर मग केव्हाचाच...

लेखणी अडसराच्या बोटभर अलीकडे थांबली आणि मागे फिरली.

पुढचा झोका तेवढाच. त्याच्या पुढचा किंचित लहान. तिघंही एकेक झोका मोजत राहिले. मग संचालकांनी पट्टी लावली. ती काकांना धरायला लावून त्यांनी अंतर दोनदा वाचलं.

"सात पॉइंट दोन," ते म्हणाले. आणि ताईकडे न बघताच फोनपाशी जाऊन त्यांनी पथकाला स्वतः निरोप दिला. "सात पॉइंट दोन, नक्की. पुढे जाऊ द्या."

ताई खुर्चीत बसली. तिला हसू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. जरा वेळाने संचालक तिच्या टेबलाशी आले.

"तुम्ही बरोबर होता."

"सर, भाऊ तिकडे नसता तर मी एवढी अडून बसले असते का?"

त्यांनी विचार केला. "कदाचित नसता बसला. मग मी आठ सांगून मोकळा झालो असतो." त्यांनी बोटं मोडायला हात जुळवले आणि मोडलीच नाहीत. "हा प्रश्न मला परत विचारू नका."

विमान उजेड असता असता उतरलं. धावपट्टीला एक भेग पडली होती, तिच्या अलीकडेच थांबावं लागलं, एवढं संध्याकाळी कळलं. माणसांची बातमी मात्र कुठूनच येईना. दुसरा दिवस गेला. आई फोनशेजारी बसून राहिली आणि तिने ताईला कामावर जायला भाग पाडलं. घरात दोघींनी एकमेकींची तोंडं बघत बसण्यात काय अर्थ आहे, असं तिचं म्हणणं. तिसऱ्या दिवशी दुपारी वेधशाळेचा फोन वाजला, आणि काकांनी उचलला. पलीकडून "ताई आहे का?" असं कुणीतरी विचारलं, तसा काकांनी रिसीव्हर ताईच्या हातात कोंबला.

"ढब्या!" ताई ओरडली. "कुठे आहेस? कसा आहेस?"

"तंबूत. पाय मोडलाय. एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या विमानातून, त्यांनी बसवला. आईला सांगितलं का?"

"आत्ता सांगते. आत्ताच्या आत्ता सांगते. ढब्या, घाबरू नकोस. मोठा नव्हता रे. सात पॉइंट दोन."

पलीकडून नुसती खरखर आली. तिला वाटलं, लाईन गेली.

"ताई," तो म्हणाला, "माझ्यासमोर ‘मोठा नव्हता’ म्हणू नकोस."

तिने दातांखाली ओठ धरला.

"माझ्या खोलीतला सोबती होता ना, आपल्याच गावचा. शाळेजवळच्या गल्लीत घर आहे त्याचं. तो आत होता आणि मी दारात. एवढाच फरक. दारात कशाला उभा होतो तेही आठवत नाही." त्याचा आवाज फाटला. "दोन दिवस ढिगाऱ्यातून त्याचा आवाज येत होता, ताई. आज सकाळी थांबला. डॉक्टरीणबाई शेवटपर्यंत त्याच्याशी बोलत होत्या."

ताईने मोजलेल्या आकड्यात हे कुठेच नव्हतं. तो आकडा बरोबरच होता, आणि तरी.

"त्याच्या आईला अजून कुणी कळवलेलं नाही," ढब्या म्हणाला. "कंपनी कागद पाठवेल महिन्याभराने. कागदावरून कळायला नको तिला. तू जाशील?"

"जाते."

"एकटी जाऊ नकोस. आईला घेऊन जा. आईला बोलता येतं असल्या वेळी."

"बरं."

"आणि तिला सांग, तो एकटा नव्हता. एवढं नक्की सांग."

ताईने फोन ठेवला. संचालक दारात उभे होते, त्यांनी किती ऐकलं ते कळायला मार्ग नव्हता. तिने खुर्चीवरची पर्स उचलली. त्यांनी काही न विचारता दार धरून ठेवलं, आणि ती जिना उतरून फाटकाकडे चालू लागली, आधी घरी, आईकडे, आणि तिथून शाळेजवळच्या गल्लीत.